दोन घराण्यांचे ट्रान्झिस्टर आणि विल्यम शॉकली

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने एक मोठा अभ्यास हाती घेतला. राज्यभरातील मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घ्यायच्या, सर्वांत हुशार मुले निवडायची आणि ती मोठी होऊन काय करतात याची आयुष्यभर नोंद ठेवायची, असा तो बेत होता. सुमारे १५०० मुलामुलींची निवड झाली. चाचणी देऊनही जे या यादीत बसले नाहीत, त्यांत पालो अल्टो गावचा एक मुलगा होता. त्याचे नाव विल्यम शॉकली. १९५६ साली त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. असाच यादीबाहेर राहिलेला दुसरा मुलगा लुईस अल्वारेझ, त्यालाही १९६८ साली तेच पारितोषिक मिळाले. निवडलेल्या १५०० पैकी नोबेलपर्यंत कोणी पोचले नाही.

लातूर पॅटर्न आणि नांदेडच्या शिकवण्यांमुळे कटऑफ हा शब्द आता आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरातही पोचला आहे, त्यामुळे इथवरची गोष्ट कोणत्याही आईवडिलांना आवडेल. पण ती इथे संपत नाही. चाचणीने ज्याला नाकारले, तोच माणूस उतारवयात अशाच चाचण्यांचे आकडे हातात घेऊन कोणी मुले जन्माला घालावीत आणि कोणी घालू नयेत, हे सांगत फिरला. आणि मधल्या काळात त्याने जे काम केले, त्याच्या जोरावर आज मोबाइलपासून ईसीजीच्या यंत्रापर्यंत सगळे चालते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. एक सांगून दुसरी गाळली तर ते चरित्र अर्धे राहते.

शॉकलीचा जन्म १३ फेब्रुवारी १९१० रोजी लंडनमध्ये झाला. आईवडील दोघेही अमेरिकन. वडील खाण अभियंता. आई मे ही स्टॅनफर्डची पदवीधर होती आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात तिने खाणींच्या सरकारी मोजणीचे काम केले होते. त्या काळी बाईमाणसाने हे काम करणे फारच दुर्मीळ. मूल तीन वर्षांचे असताना कुटुंब पालो अल्टोला राहायला आले. हा एकुलता एक मुलगा लहानपणी कमालीचा संतापी होता. शाळांवर विश्वास नसल्याने आईवडिलांनी त्याला आठव्या वर्षापर्यंत घरीच शिकवले. १९२५ मध्ये वडील वारले. १९३२ साली त्याने कॅलटेकमधून पदवी घेतली आणि १९३६ साली एमआयटीतून पीएचडी. प्रबंधाचा विषय होता साध्या मिठाच्या स्फटिकातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या. स्फटिकाच्या आत इलेक्ट्रॉन कसे वागतात, हा प्रश्न त्याला तिथून जडला तो कायमचा.

त्याच वर्षी तो बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. अमेरिकाभर पसरलेले दूरध्वनीचे जाळे तेव्हा खटखट वाजणाऱ्या यांत्रिक रिलेंवर आणि काचेच्या व्हॉल्व्हवर चालत असे. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल, बटण दाबल्यावर आवाज यायला मिनिटभर लागायचा, मागची बाजू तापायची आणि व्हॉल्व्ह उडाला की दुरुस्तीवाल्याकडे खेप. हजारो किलोमीटरच्या तारांवर असे लाखो व्हॉल्व्ह सांभाळणे कंपनीला जड जात होते. जळणार नाही, तापणार नाही असे काही घन पदार्थातून करता येईल का, असा विचार प्रयोगशाळेचे संचालक मर्विन केली बोलून दाखवत. शॉकलीने १९३९ च्या डिसेंबरात अर्धवाहकातून असा वर्धक बनवण्याची कल्पना वहीत उतरवली. करून पाहिले, जमले नाही. मग महायुद्ध आले. शॉकली पाणबुड्यांविरुद्धच्या लढाईचे गणित मांडणाऱ्या गटात गेला. त्या कामाबद्दल त्याला १९४६ मध्ये मोठे सरकारी पदक मिळाले.

१९४५ साली परत आल्यावर तो अर्धवाहकांवर काम करणाऱ्या गटाचा प्रमुख झाला आणि जुन्या कल्पनेला पुन्हा हात घातला. ती कल्पना समजायला सलाईनची बाटली डोळ्यांपुढे आणावी. नळीवर एक छोटी चाकी असते. ती फिरवली की नळी बाहेरून दाबली जाते आणि धार कमी होते. चाकी आतल्या औषधाला शिवतसुद्धा नाही. शॉकलीला हेच विजेचे करायचे होते. सिलिकॉनच्या पातळ थरातून प्रवाह वाहतो आहे. वर, थराला न चिकटवता, धातूची पट्टी ठेवायची आणि तिला विद्युतदाब द्यायचा. त्या दाबाच्या क्षेत्राने खालचा प्रवाह कमी-जास्त झाला पाहिजे. गणित चोख होते. प्रयोगात मात्र प्रवाह ढिम्म हलला नाही.

कारण शोधले त्याच्याच गटातल्या जॉन बार्डीनने. स्फटिकाच्या पृष्ठभागावर काही इलेक्ट्रॉन अडकून पडतात आणि बाहेरचा दाब तेच झेलतात, आतपर्यंत काही पोचतच नाही, असे त्याने १९४६ मध्ये दाखवले. हा पृष्ठभागाचा अडसर पार करण्याच्या खटपटीत बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन हे दोघे भलत्याच वाटेने यशस्वी झाले. १६ डिसेंबर १९४७ रोजी त्यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याच्या वर्खाची दोन टोके अगदी जवळजवळ टेकवली. एका टोकातल्या छोट्या प्रवाहाने दुसऱ्या टोकातला प्रवाह वाढू लागला. २३ डिसेंबरला वरिष्ठांसमोर प्रात्यक्षिक झाले. पहिला ट्रान्झिस्टर तो हाच.

गटप्रमुख म्हणून शॉकलीला आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण शोधात आपला हात नाही, ही बोच मोठी होती. त्यातच कंपनीच्या वकिलांना ज्युलियस लिलियनफेल्ड नावाच्या संशोधकाचे १९२० च्या दशकातले जुने पेटंट सापडले. क्षेत्राने प्रवाह आवरण्याची कल्पना त्यात आधीच नोंदलेली होती. त्यामुळे बार्डीन आणि ब्रॅटनच्या पेटंट अर्जात शॉकलीचे नाव आले नाही. चिडलेला शॉकली नववर्षाच्या सुट्टीत शिकागोच्या एका हॉटेलच्या खोलीत बसून राहिला आणि पानेच्या पाने लिहीत गेला. २३ जानेवारी १९४८ ला त्याच्या वहीत नवा आराखडा उतरला. त्यात दोन टोकांच्या नाजूक टेकणीऐवजी, एकाच स्फटिकात तीन थर पावाच्या सँडविचसारखे ठेवले होते. हे त्याने आपल्या दोन्ही सहकाऱ्यांपासून जवळजवळ महिनाभर लपवून ठेवले. फेब्रुवारीत दुसऱ्या एका सहकाऱ्याने बैठकीत नवा प्रयोग सांगितला, त्यावरून आता हे सगळ्यांना सुचणार असे दिसले, तेव्हा तो उठला आणि आपली कल्पना मांडून मोकळा झाला. सूडाच्या भरात केलेले काम इतके निर्दोष असावे, हे विज्ञानाच्या इतिहासातले एक नवलच आहे. बार्डीन आणि ब्रॅटनचा ट्रान्झिस्टर कारखान्यात फार टिकला नाही. शॉकलीचा टिकला.

या तीन थरांच्या ट्रान्झिस्टरला बायपोलर म्हणतात. मनोविकाराच्या त्याच नावाच्या आजाराशी याचा काही संबंध नाही. यात ऋण इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या रिकाम्या जागा, म्हणजे धन प्रवाह, असे दोन्ही प्रकार वाहतात म्हणून दोन ध्रुवांचा. त्याची तऱ्हा कालव्याच्या दारावरच्या पाटकऱ्यासारखी आहे. मधल्या थराला थोडा प्रवाह देत राहिले तर मोठा प्रवाह मोकळा होतो. मजुरी थांबली की पाटकरी दार सोडतो. म्हणजे हा गडी ताकदीचा, चपळ, कमी गोंगाट करणारा, पण सतत खर्च मागणारा. सलाईनच्या चाकीसारखा जो दुसरा प्रकार शॉकलीला आधी हवा होता, तो फील्ड इफेक्ट. त्याला दाब पुरतो, प्रवाह द्यावा लागत नाही. खर्च जवळपास शून्य, अंगकाठी लहान, पण जोर बेताचा. जमला नसला तरी शॉकलीने तो डोक्यातून काढला नव्हता. १९५२ मध्ये त्याने पृष्ठभागाला बगल देऊन स्फटिकाच्या आतच नळी आवळणाऱ्या अशा ट्रान्झिस्टरचा सिद्धान्त प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी बेलमध्ये तो प्रत्यक्ष तयारही झाला. ट्रान्झिस्टरची ही दोन घराणी. दोन्हींच्या मुळाशी एकाच माणसाच्या वह्या आहेत.

नव्या शोधाचा पहिला फायदा झाला तो बहिऱ्या माणसांना. व्हॉल्व्हचे श्रवणयंत्र म्हणजे छातीवर बांधायची डबी आणि त्यासाठी वेगळ्या जड बॅटऱ्या. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर बसवलेले पहिले श्रवणयंत्र अमेरिकेत विक्रीला आले. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल आयुष्यभर कर्णबधिरांना शिकवत होता. त्याची आठवण ठेवून कंपनीने श्रवणयंत्रांवरचे स्वामित्वशुल्क माफ केले. ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात येण्याआधी तो माणसाच्या कानाशी पोचला होता. पाठोपाठ हृदयाशी. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला, त्यात फक्त दोन ट्रान्झिस्टर होते. ते यंत्र काही तासांत बंद पडले. लार्सनला पुढे दोन डझनांहून जास्त पेसमेकर बदलावे लागले. तो मात्र २००१ पर्यंत जगला.

बेल प्रयोगशाळेत शॉकलीची प्रगती खुंटली, कारण त्याच्या हाताखाली काम करायला चांगली माणसे तयार नव्हती. ब्रॅटनने दुसरा गट मागून घेतला. बार्डीन १९५१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात निघून गेला आणि तिथे अतिवाहकतेच्या सिद्धान्ताबद्दल १९७२ साली त्याने दुसऱ्यांदा नोबेल मिळवले. भौतिकशास्त्रात दोन नोबेल मिळवणारा तो आजवरचा एकमेव. घरीही शॉकलीचे फार बरे नव्हते. पहिली पत्नी जीन हिला कर्करोग झाल्यानंतर तो तिच्यापासून वेगळा झाला. १९५५ मध्ये मनोरुग्णांची परिचारिका असलेल्या एमी लॅनिंगशी त्याने लग्न केले.

नोकरी सोडून तो आईच्या गावाजवळ, माउंटन व्ह्यू इथे आला आणि १९५६ मध्ये त्याने स्वतःची अर्धवाहक प्रयोगशाळा उघडली. पैसा अर्नोल्ड बेकमनचा. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत आजही हे नाव रक्ततपासणीच्या यंत्रांवर वाचायला मिळते. आम्लता मोजणारे पीएच मीटर बनवून हा रसायनशास्त्रज्ञ उद्योजक झाला होता. सिलिकॉन व्हॅलीत सिलिकॉन आणला तो या जोडीने. शॉकलीने देशभरातून हिऱ्यासारखी तरुण माणसे वेचली. रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, जाँ होर्नी. माणूस पारखण्यात त्याची नजर अचूक होती, हे मान्यच करायला हवे. पण निवडलेल्यांना त्याने मानसशास्त्रीय चाचण्यांना बसवले. सगळ्यांचे पगार भिंतीवर लावले. प्रयोगशाळेत कोणाच्या हाताला टाचणी लागून रक्त आले, तर हा घातपात आहे असे ठरवून त्याने माणसांना खोटे पकडणाऱ्या यंत्रापुढे बसवायचे काढले. १९५७ साली त्याने एक शोधनिबंधही लिहिला. कोणता शास्त्रज्ञ किती निबंध लिहितो याचे आलेख काढून माणसामाणसातली तफावत त्यात मोजली होती. माणसांची उतरंड लावण्याची ही हौस पुढे कुठे जाणार होती, याची चुणूक त्या कागदात आहे.

नोबेल मिळून वर्षही झाले नव्हते तेव्हा, सप्टेंबर १९५७ मध्ये, आठ जण एकदम सोडून गेले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी काढली. तिथे होर्नीने सिलिकॉनच्या सपाट चकतीवर ऑक्साइडचा थर ठेवून त्याखाली ट्रान्झिस्टर घडवण्याची रीत १९५९ मध्ये काढली. त्याच रीतीवर नॉइसने एका चकतीवर सगळे मंडल एकत्र छापण्याची कल्पना उभारली. टेक्सासमध्ये जॅक किल्बीने १९५८ मध्ये वेगळ्या वाटेने हेच करून दाखवले होते. आयसी किंवा चिप ती हीच.

आणि त्याच सुमारास शॉकलीचे जुने फसलेले स्वप्न दुसऱ्यांच्या हातून पुरे झाले. बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अटाला आणि दावोन कांग यांनी सिलिकॉनवर काळजीपूर्वक वाढवलेल्या ऑक्साइडच्या थराने पृष्ठभागावरचे अडसर शांत केले. वर धातूची पट्टी ठेवून दाब दिला आणि खालचा प्रवाह हलला. अटाला इजिप्तचा, कांग कोरियाचा. हा मॉस ट्रान्झिस्टर. १९६३ मध्ये फेअरचाइल्डच्या फ्रँक वानलास आणि चि-तांग सा यांनी त्याच्या परस्परविरोधी जोड्या लावल्या. एक उघडा असताना दुसरा बंद, त्यामुळे स्वस्थ असताना वीज जवळपास खर्चच होत नाही. ही सीमॉस पद्धत. सा हा काही वर्षांपूर्वी शॉकलीच्याच प्रयोगशाळेत कामाला होता. हातातले घड्याळ एका बारीक सेलवर वर्षानुवर्षे चालते आणि आजचा पेसमेकर एका बॅटरीवर कितीतरी वर्षे काढतो, ते सीमॉसमुळे.

आता प्रश्न असा आला की एकाला जोर आहे पण खर्चिक, दुसरा काटकसरी पण जोर कमी, तर दोघांना एकाच चिपवर का बसवू नये? बोलायला सोपे. चिप बनते ती भट्टीत शेकडो अंशांची उष्णता देऊन, थरावर थर चढवून. बायपोलरला लागणारी आच आणि मॉसला लागणारी आच वेगळी. एकाला सोसते ते दुसऱ्याला बिघडवते. एकच तवा, तो चुलीवरून न उतरवता, त्यावर ज्वारीची भाकरी आणि पुरणपोळी दोन्ही नीट भाजून दाखवण्यासारखे हे काम. भाकरीला कडक जाळ हवा, पुरणपोळी त्यावर करपते. पायऱ्या वाढतात, प्रत्येक पायरीला खर्च वाढतो आणि खराब निघणाऱ्या चिपाही वाढतात. अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीत हुंग चांग लिन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये सीमॉस आणि बायपोलर यांची एकत्र रचना प्रसिद्ध केली. १९७० च्या दशकात आरसीए कंपनीने आत शिरण्याच्या जागी मॉस आणि पुढे बायपोलर असे वर्धक बाजारात आणले.

असल्या वर्धकाचे मोल ईसीजी काढताना कळते. छातीवर मिळणारा हृदयाचा संकेत एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे टॉर्चच्या एका सेलच्या सुमारे दीड हजाराव्या हिश्शाइतका. कातडी कोरडी असेल, जेल नीट लागलेले नसेल, तर कातडीचा विरोध फार वाढतो. अशा वेळी यंत्र रुग्णाकडून थोडासाही प्रवाह ओढू लागले तर तो इवलासा संकेत वाटेतच विरतो. म्हणून दारात असा पाहुणा हवा जो यजमानाकडून काहीच खात नाही. तो मॉस. आत गेल्यावर तो संकेत बळकट करून पुढे ढकलायचा, तिथे बायपोलर. सोनोग्राफीत तर आणखी ओढाताण. पोटात ध्वनी पाठवायला कित्येक व्होल्टांचा तडाखा लागतो आणि परत येणारा प्रतिध्वनी क्षीण असतो. मोठा दाब सोसणारा, क्षीण आवाज ऐकणारा आणि हिशेब करणारा, अशा वेगवेगळ्या ट्रान्झिस्टरांची शेजारशेजारी गरज पडते. इटलीच्या एसजीएस कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यावर बायपोलर, सीमॉस आणि जास्त दाब सोसणारा डीमॉस असे तिन्ही एका चिपवर आणले. मोटारींपासून छपाईयंत्रांपर्यंत ती पद्धत पसरली. किल्लारीचा भूकंप झाला त्या १९९३ साली इंटेलने पहिला पेन्टियम बाजारात आणला, तोही बायसीमॉस पद्धतीचा होता. पुढे चिपा आणखी लहान होत गेल्या, दाब उतरले, तसा गणिताच्या चिपांमध्ये मिश्रणाचा फायदा उरला नाही आणि एकटा सीमॉस पुढे गेला. रेडिओलहरी, वर्धक, मोटारींतले रडार, विजेचे नियंत्रण इथे मिश्रण आजही लागते.

आपल्या देशात मोहालीच्या सेमीकंडक्टर कारखान्याने १९८४ मध्ये उत्पादन सुरू केले. फेब्रुवारी १९८९ च्या आगीत तो जळाला आणि पुन्हा उभा राहायला वर्षे गेली. त्याच संस्थेच्या १८० नॅनोमीटरच्या सीमॉस पद्धतीत देशी बायपोलर ट्रान्झिस्टर बसवून बायसीमॉस तयार करण्याचे काम अलीकडच्या वर्षांत मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी मोहालीच्या तंत्रज्ञांबरोबर केले. जगाच्या स्पर्धेत १८० नॅनोमीटर जुने वाटेल. पण तवा आपला आणि त्यावर दोन्ही भाजता येऊ लागले, ही गोष्ट लहान नाही.

या सगळ्या घोडदौडीत शॉकली कुठेच नव्हता. चार थरांच्या एका डायोडवर त्याने हट्टाने भर दिला आणि कंपनी तोट्यात गेली. ती १९६० मध्ये विकली गेली, पुन्हा हात बदलले आणि १९६८ मध्ये बंद झाली. तोवर त्याची सोडून गेलेली माणसे मोठी झाली होती. त्याच वर्षी नॉइस आणि मूर यांनी इंटेल काढली. १९६१ च्या उन्हाळ्यात शॉकलीच्या गाडीला समोरून येणारी गाडी धडकली. त्याला जबर दुखापत झाली आणि बरे व्हायला महिने लागले. पुढच्या त्याच्या विचारांचे खापर या अपघातावर फोडण्याचा मोह होतो. पण भिंतीवर पगार लावणारा, शास्त्रज्ञांचे आलेख काढणारा माणूस अपघाताआधीचाच आहे.

१९६३ पासून तो स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक होता. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून त्याने नवा विषय धरला. कमी बुद्धीची माणसे जास्त मुले जन्माला घालतात, त्यामुळे मनुष्यजातीची प्रत घसरते आहे. कृष्णवर्णीयांचा बुद्ध्यंक सरासरीने कमी भरतो आणि त्याचे कारण मुख्यतः रक्तात आहे. उपाय म्हणून त्याने योजना सुचवली. १०० पेक्षा जितके गुण कमी, त्या प्रत्येक गुणामागे १००० डॉलर घेऊन माणसाने नसबंदी करून घ्यावी.

आनुवंशिकता हा त्याचा विषय नव्हता. स्टॅनफर्डमधल्याच आनुवंशशास्त्रज्ञांनी, त्यांत नोबेल विजेता जोशुआ लेडरबर्ग होता, त्याच्या मांडणीतील चुका जाहीरपणे दाखवल्या. या प्रश्नावर संशोधन करवावे ही त्याची मागणी अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने पुन्हा पुन्हा फेटाळली. चूक समजायला शेतीचा अनुभव पुरेसा आहे. सोयाबीनची एकच पिशवी अर्धी काळ्या रानात आणि अर्धी मुरमाड माळावर पेरली आणि उतारा वेगळा आला, तर बियाण्याला कोणी दोष देत नाही. गरोदरपणी आईला आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. लोहाची कमतरता, शिसे, कमी वजनाचा जन्म, लहानपणीची उपासमार, शाळेचा अभाव, हे सगळे चाचणीच्या आकड्यात उतरते. गुलामगिरीतून आणि वेगळ्या शाळांतून आलेल्या समाजाचे आकडे घेऊन त्यातून रक्ताची प्रत काढणे, हे शॉकलीने आपल्या प्रयोगशाळेत कोणाला करू दिले नसते. जर्मेनियममध्ये कणभर अशुद्धी असली तरी मोजमाप फसते, हे त्याला चांगले ठाऊक होते.

पैसे देऊन नसबंदी, हे शब्द आपल्या वाचकांना परके नाहीत. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात देशात काय झाले, ते घराघरातल्या वडीलधाऱ्यांना आठवते. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. आपल्याकडचा उद्देश लोकसंख्या कमी करण्याचा होता, शॉकलीचा माणसांची प्रत ठरवण्याचा. टेबलावर निजणारा माणूस मात्र दोन्हीकडे सारखाच असतो. गरीब आणि पैशाच्या किंवा साहेबाच्या दबावाखालचा. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया ही माणसाने स्वतः समजून घेतलेला निर्णय असेल तरच वैद्यकशास्त्र तिला उपचार म्हणते.

शॉकली आपल्या मतापासून तसूभर हलला नाही. सभा उधळल्या गेल्या, विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, विद्यापीठांनी निमंत्रणे मागे घेतली. तो वाद घालत राहिला. स्वतःची मुले आपल्यापेक्षा कमी प्रतीची निघाली, कारण त्यांच्या आईचे शिक्षण आपल्याइतके नव्हते, असेही त्याने जाहीरपणे सांगितले. त्यांतल्या एका मुलाने भौतिकशास्त्रात पीएचडी केली होती. १९८० मध्ये प्रतिभावंतांच्या वीर्याची पेढी निघाली तेव्हा आपण तिला वीर्य दिल्याचे उघडपणे सांगणारा नोबेल विजेता तो एकटाच. १९८२ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातून सिनेटची पक्षांतर्गत निवडणूक लढवली आणि आठव्या क्रमांकावर राहिला. अटलांटाच्या एका वृत्तपत्राने त्याच्या योजनेची तुलना नाझींच्या प्रयोगांशी केली, म्हणून त्याने साडेबारा लाख डॉलरचा दावा लावला. १९८४ मध्ये ज्युरींनी बदनामी झाल्याचे मान्य केले आणि भरपाई म्हणून त्याला एक डॉलर दिला.

शेवटचा आजार पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग होता. हा उतारवयातल्या पुरुषांचा रोग सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही आणि हाडांत पसरला की पाठदुखी म्हणून पुढे येतो. पीएसए ही रक्ततपासणी तेव्हा नवीन होती, अमेरिकेत तिला १९८६ मध्ये मान्यता मिळाली. आज ती नांदेड-लातूरच्या प्रयोगशाळांतही होते. ती कोणी आणि केव्हा करावी हे आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे, नुसत्या आकड्याने घाबरून जाऊ नये आणि निश्चिंतही होऊ नये.

१२ ऑगस्ट १९८९ रोजी, ७९ व्या वर्षी शॉकली गेला. दुसरी पत्नी एमी अखेरपर्यंत त्याच्याबरोबर होती. पहिल्या लग्नाच्या तिन्ही मुलांशी बोलणे कधीच थांबले होते. वडील गेल्याचे त्यांना बातम्यांतून कळले.